घोडपुळणीवरचा जादा तास

आम्ही घोडपुळणीवर गेलो ते एका माशासाठी. खायच्या नव्हे! करंगळीएवढा मासा एका पक्ष्याच्या चोचीतून दुसऱ्या पक्ष्याच्या चोचीत जात असतानाचा एक फोटो मला हवा होता. मला म्हणजे खरं तर अण्णांना.

अण्णा म्हणजे माझे सासरे, गोपाळकृष्ण. वय एकाहत्तर, मुक्काम सदाशिव पेठ, निवृत्त तारमास्तर. १९६९ साली कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी नोकरीला असताना त्यांनी खाडीच्या मुखाशी, घोडपुळण नावाच्या वाळूच्या दांड्यावर, सत्तरएक तुरेवाले सुरय पाहिले होते. सुरय हा समुद्रावरचा पक्षी. अंग पांढरं-राखी, डोक्यावर काळा तुरा, चोच पिवळीजर्द. अण्णांच्या वहीत नोंद अशी आहे : ‘वैशाख वद्य तृतीया, शके १८९१. नर मासा घेऊन मादीभोवती फिरतो. मादीने मासा धरला तरी नर सोडत नाही. दोघांनी धरून ठेवला. मी सात आकडे मोजले. मग नराने सोडला.’

पुण्याला बदली झाल्यावर त्यांनी ही नोंद पेठेतल्या पक्षिमित्र मंडळात वाचून दाखवली. त्या किनाऱ्यावर या पक्ष्यांचं प्रियाराधन तोवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. मंडळाचे चिटणीस तात्याराव चष्मा पुसत म्हणाले, “सात आकडे! वा! मुहूर्तही तुम्हीच काढून दिला असेल.” सगळे हसले. रजिस्टरात शेरा पडला : ‘पुराव्याअभावी अग्राह्य.’ मंडळ आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. अण्णा त्यानंतर बत्तीस वर्षं त्या गल्लीने भाजी आणायलासुद्धा गेले नाहीत.

आणि आता त्यांचे डोळे चालले होते. नजरेच्या बरोबर मधोमध एक काळा डाग बसला होता. समोर बघितलं की माणसाचं तोंड नाहीसं व्हायचं आणि कान तेवढे शिल्लक राहायचे. डॉक्टर म्हणाले, जे काही पाहायचं असेल ते दिवाळीपर्यंत पाहून घ्या. अण्णांनी घरी येऊन एवढंच विचारलं, “घोडपुळणीला हल्ली कोण जातं का गं?”

त्याच वर्षी, म्हणजे २००१च्या मार्चमध्ये, मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. बरोबरच्यांपैकी कुणी वाघोलीला प्लॉट घेतला, कुणी मुलाला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. मी चारशे मिलिमीटरची लेन्स घेतली! घरात तीन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी अण्णांनी लेन्स हातात घेऊन चाचपली आणि म्हणाले, “वैशाख वद्य तृतीया. त्याच तिथीला जा.”

सोबती मिळाला तो प्रज्ञेश. माझ्या शेजारच्या काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या दशरथ भाऊंचा हा मुलगा, राहणार येरवडा. सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. त्याच्या कंपनीचं अमेरिकेतलं गिऱ्हाईक बुडाल्यामुळे सध्या ‘बेंचवर’ होता, म्हणजे रोज ऑफिसात जायचं, पगार घ्यायचा आणि आज काढतात की उद्या याची वाट बघायची. त्याची आत्या सत्यशीला घोडपुळणीच्या समोरच्याच गावात, बौद्धवाडीत राहत होती. बुद्धपौर्णिमेला तो तिकडे जाणारच होता. “काकू, चला की! मलाही इथून जरा लांब जायचंय,” तो म्हणाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने ऑफिसातून छापून आणलेला कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक! दर दहा मिनिटांचा आकडा, रंगीत आलेख, सगळं काही.

“इंटरनेटवरून काढलंय, अण्णा. तृतीयेच्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी नऊला, पूर्ण भरती सव्वातीनला.”

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. “तृतीया. तीन त्रिक नऊ, भागिले चार. सव्वादोन. भरती सव्वादोनला, ओहोटी आठच्या सुमाराला. तुझा कागद तासभर उशिरा आहे.”

“अण्णा, तिथीचं म्हणजे अंदाजे असतं ना. हे सॅटेलाइटचे आकडे आहेत.”

“समुद्र सॅटेलाइटला विचारून भरतो हे मला माहीत नव्हतं,” अण्णा म्हणाले आणि आत निघून गेले.

मी प्रज्ञेशची बाजू घेतली. तिथी गुणिले तीन भागिले चार हे मला पाढ्यासारखं वाटलं, आणि कागदावर दशांश चिन्हं होती. बँकेतली माणसं दशांश चिन्हाला फार मानतात. कागद मी घडी घालून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवला.

वरंधा घाटाने एस.टी. खाली उतरली तेव्हा अंगाचं पाणी पाणी झालं होतं. गावात पोचलो ती पौर्णिमेची संध्याकाळ. विहारात मेणबत्त्या लागल्या होत्या, वंदना चालू होती. सत्यशीला आत्या पंचावन्नची असेल. काटक, बुटकी, पायाच्या टाचा शिंपल्यांनी चिरलेल्या. रोज ओहोटीला चिखलातून मुळे उकरून विकायचे, हा तिचा तीस वर्षांचा व्यवसाय. मुळे म्हणजे चिखलात मिळणारे शिंपले. त्यामुळे खाडीचा तळ तिला पायांनी पाठ होता.

“पुळणीवर पक्षी? येतात की! पांढरे, टोपीवाले,” ती म्हणाली. “अंडी तिकडं लांब खडकावर घालतात. पुळणीवर नुसती नाचगाणी.”

बत्तीस वर्षं अग्राह्य ठरलेली गोष्ट या बाईने जेवण वाढता वाढता सांगून टाकली होती!

पुढचे दोन दिवस आम्ही तयारी केली. गोणपाट आणि चार बांबू घेऊन दांड्यावर एक लपण उभं केलं, दोन माणसं जेमतेम बसतील एवढं, म्हणजे पक्ष्यांना त्याची सवय व्हावी. जाणं-येणं आत्याच्या हाकेवर होतं, त्यामुळे कागद पडताळून पाहायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी, तृतीयेच्या पहाटे, आत्या आम्हाला काठापर्यंत सोडायला आली. खाडीचं पाणी झपाट्याने समुद्राकडे चाललं होतं. पलीकडे दीडशे पावलांवर घोडपुळण, फिकट आणि लांबट, पाण्यातून वर येत होती.

“नीट ऐका,” आत्या म्हणाली. “आज उधाणाचा दिस. आज पुळण पुरी बुडते, तिच्या डोक्यावर कमरेएवढं पाणी असतं आणि वर लाटा. साडेधाच्या आत या काठाला या. साडेधा म्हंजे साडेधा!”

प्रज्ञेशने कागद काढला. “आत्या, यात साडेअकरापर्यंत रस्ता आहे.”

“कागदात असंल,” आत्या म्हणाली. “खाडीत नाय.”

सहा वाजता आम्ही पाण्यात उतरलो. मध्यावर मांडीपर्यंत पाणी, पायाखाली वाळू आणि मधूनच घोट्यापर्यंत रुतणारा चिखल. उजव्या हाताला थोडं लांब, जुन्या जाळ्यांच्या खुंटांची एक वाकडी ओळ पाण्यातून डोकं काढून उभी होती. आम्ही तिच्याकडे लक्षही दिलं नाही. नाकासमोर चालत सरळ पलीकडे गेलो आणि लपणात शिरलो.

उजाडलं आणि ते आले. आधी दोन, मग सात, मग मोजता येईनात एवढे! कर्कश ओरडत, वाऱ्यावर तिरके होत ते वाळूवर उतरले आणि आमच्यापासून वीस पावलांवर त्यांचा बाजार भरला. मी श्वास रोखला आणि पहिला फोटो काढला.

नर तुरा फुलवून, मान ताठ करून, पंख खांद्यापासून जरा खाली सोडून मिरवत होते. मादी दुसरीकडे बघायची. नर फिरून तिच्या समोर यायचा. ती पुन्हा तोंड वळवायची. पेठेतल्या कांदेपोह्याच्या कार्यक्रमाला बसल्यासारखं वाटत होतं. पण मासा घेऊन कुणी येईना! सात वाजले, आठ वाजले. गोणपाटाच्या आत भट्टी पेटली होती. घामाने डोळे चुरचुरत होते आणि पाण्याची बाटली अर्धी झाली होती. आमचं तोंड समुद्राकडे, पाठ खाडीकडे. मागे पाणी केव्हा ओसरायचं थांबलं आणि केव्हा फिरलं, हे आम्ही पाहिलंच नाही.

नऊला पहिला नर मासा घेऊन उतरला. मी कॅमेरा फिरवला. त्याच क्षणी एक मोठी सावली वाळूवरून सरकली.

“काकू, वर!”

काकण! समुद्रगरुड! पांढरं पोट, रुंद पंख. तो खाली झेपावला आणि अख्खी पुळण एकदम उडाली. वाळू, पिसं, किंचाळ्या! सुरयांनी त्याच्यावर झडप घातली, त्याच्या पाठीवर चोची मारत त्याला समुद्रावर हाकलत नेलं. पुळण रिकामी पडली. वाळूवर टाकलेला एक चंदेरी मासा तेवढा तडफडत होता. मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, मी रडले.

एक तास गेला. दहाच्या सुमाराला ते एकेक करून परत आले.

दहा वाजून दहा मिनिटं. एक नर अगदी जवळ, बारा पावलांवर उतरला. चोचीत मासा. मादीभोवती एक फेरी, दुसरी फेरी. मादीने मान वळवली, चोच उघडली, मासा धरला! मी बटण दाबलं. फिल्म सरकवायचा खटका ओढला. छत्तीस! रोल संपला होता. पण छत्तीसच्या रोलमध्ये सदतिसावा फोटो काढण्यासाठी सुरुवातीची पट्टी कमीत कमी वाया घालवायची, ही आमच्या घरची जुनी विद्या. मी खटका आणखी ओढला. तो कुरकुरत, घट्ट, पण आला. दोघांच्या चोची अजून माशावरच होत्या. तीन, चार, पाच, मी मनात मोजत होते. दाबलं! पुढचा खटका मात्र दगडासारखा अडकला. आणि तेवढ्यात नराने मासा सोडला.

सात! माझ्या मोजण्यात सात आकडे झाले होते. अण्णांनी लिहिलं होतं तसं, एक कमी नाही, एक जास्त नाही.

“मिळाला?” प्रज्ञेशने विचारलं.

“छत्तिसाव्यात मानेचं वळण असेल, मासा मादीच्या डोक्याआड गेला होता. सदतिसावा आला की नाही देव जाणे. लॅबवाले शेवटचा तुकडा कापूनच टाकतात.” मी रोल काढला. मेतकुटाची प्लॅस्टिकची बरणी रिकामी करून त्यात रोल टाकला, झाकण गच्च फिरवलं आणि बरणी ओढणीत गुंडाळून कमरेला बांधली. कॅमेऱ्यात दुसरा रोल घातला. घड्याळात दहा वीस झाले होते.

“काकू, आत्या साडेदहा म्हणाली होती.”

“आणि कागद?”

“कागदाप्रमाणे साडेअकरा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. निर्णय मीच करणार होते. एका बाजूला तीस वर्षं खाडीत उभी राहिलेली बाई आणि एकाहत्तर वर्षांचा तारमास्तर, दोघांचा आकडा एक. दुसऱ्या बाजूला एक रंगीत कागद. कुणालाही कळलं असतं. पण समोर बारा पावलांवर आणखी एक नर मासा घेऊन उतरत होता, आणि माणूस आपल्याला हवा तोच आकडा खरा मानतो.

“कागद बरोबर असणार,” मी म्हणाले. “थांबू या.”

आणि फोटो मिळाला! पाऊण तासात तीन जोड्या. अकरा फोटो, एकाहून एक! दोन चोची, मध्ये मासा, उन्हात चमकणारे त्याचे खवले. मी आनंदाने प्रज्ञेशच्या पाठीत धपाटा घातला. अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही लपणातून बाहेर आलो, अर्धा तास हाताशी आहे म्हणून हसत-बोलत मागे वळलो.

खाडी ओळखू येत नव्हती.

सकाळी जिथे मांडीएवढं पाणी होतं तिथे हिरवागार प्रवाह आत चालला होता. रुंदी वाढली होती. लाटा दांड्याच्या दोन्ही बाजूंनी चढत होत्या. आमच्याच पावलांचे ठसे आमच्या डोळ्यांदेखत पुसले गेले.

“हे... हे शक्य नाही,” प्रज्ञेश म्हणाला. त्याने खिशातून कागद काढला. वाऱ्याने तो फडफडत होता. “यात अजून...”

“फेक तो कागद! तुला पोहता येतं का?”

त्याने मान हलवली. नाही.

मला येत होतं, पण तलावातलं. मी रोल बदलून बरणीत टाकायला हवा होता, एवढं तेव्हाही सुचलं होतं. पण कॅमेऱ्यात पंचवीस फोटो शिल्लक होते. पंचवीस कोरे फोटो सोडून रोल काढायचा? पुण्याच्या माणसाच्या हाताला ते होत नाही. मी तिपाईसकट कॅमेरा खांद्यावर घेतला आणि म्हणाले, “चल! माझ्यामागे!”

गुडघा. मांडी. कंबर. पाणी ढकलत होतं, डावीकडे, खाडीच्या आत. वीस पावलं. तीस. पायाखालची वाळू निसटायला लागली. छातीशी पाणी आलं आणि मी थांबले. समोर अजून शंभराहून जास्त पावलं होती.

तेव्हा पलीकडच्या काठावर ती दिसली. सत्यशीला आत्या! डोक्यावरची पाटी काढून ती हातात धरून जोरजोराने हलवत होती. काहीतरी ओरडत होती, पण वारा तिचा आवाज उडवून नेत होता. मग ती काठाकाठाने धावली, जुन्या खुंटांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्या ओळीकडे दाखवू लागली.

“खुंटांकडे!” मी ओरडले. “खुंटांच्या ओळीने चाल!”

खुंटांची डोकी तेवढी वर होती. आम्ही प्रवाहाबरोबर तिरके सरकत पहिला खुंट गाठला. आत्याला माहीत होतं ते आता आमच्या पायांना कळलं. ओळीखाली तळ कडक होता, दगडी. पाणी छातीलाच, पण पाय टिकत होते. एक खुंट. दुसरा. शिंपल्यांच्या धारेने तळहात कापले गेले. तिसरा. चौथा. पाचवा खुंट मोडलेला होता. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत मोकळं पाणी.

मी उडी मारल्यासारखी पुढे झेपावले आणि सहावा पकडला. मागे वळले. प्रज्ञेश मधोमध होता. त्याचा पाय घसरला. एक क्षण डोकं दिसलं, मग केस, मग काहीच नाही!

“प्रज्ञेश!”

तो वर आला. माझ्यापासून हातभर. तोंड उघडं, डोळे फाटलेले. माझा उजवा हात खुंटाला, डावा कॅमेऱ्याला. तिसरा हात नव्हता.

मी विचार केला असं म्हणणार नाही. डावा हात उघडला एवढंच. खांदा हलका झाला आणि माझ्या बोटांत त्याची कॉलर आली. प्रवाहाने त्याला ओढलं, त्याने मला ओढलं, खुंट कुरकुरला. दशरथ भाऊंना काय सांगू, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. मग त्याचा हात माझ्या दंडाला बसला आणि पाठोपाठ खुंटाला. तो खोकत होता, ओकत होता. पण धरून होता!

पलीकडून आत्या पाण्यात शिरली होती. कमरेला दोर, हातात लांब बांबू. बांबूचं टोक आमच्यापर्यंत आलं.

“धर! सोडू नको! नुसता धर!”

आम्ही काठावर पडलो तेव्हा पावणेबारा झाले असतील. मागे वळून पाहिलं. घोडपुळणीची एक बारीक रेघ उरली होती, मग तीही गेली. आमच्या लपणाचे दोन बांबू लाटेत आडवे झाले. सुरय वर घिरट्या घालत लांबच्या खडकाकडे निघून गेले.

आत्याने प्रज्ञेशला आधी पोटाशी धरलं, मग त्याच्या थोबाडीत मारली. “दर्याला तुमचा कागद वाचाय येतो काय रे?” आणि मग ती स्वतःच मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

चूक त्याला त्याच संध्याकाळी सापडली. आत्याच्या अंगणात तो ओल्या पँटने बसला होता आणि अचानक कपाळावर हात मारून उठला. त्याच्या ऑफिसातलं मशीन अजून त्या बुडालेल्या अमेरिकन गिऱ्हाइकाच्या वेळेवर लावलेलं होतं. छापून आलेल्या वेळा तिथल्या, म्हणून त्याने त्यात साडेदहा तास मिळवले होते. पण उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात. मिळवायचे होते साडेनऊच.

“दोन हजार साल उजाडायच्या आधी लोकांच्या तारखा दुरुस्त करायला मी रात्री जागवल्यात, काकू. आणि मलाच तास मोजता आला नाही.”

“तास तुझा चुकला,” मी म्हणाले. “पण थांबायचं मी ठरवलं. ते तुझ्या नावावर घालू नकोस.”

पुण्याला आल्यावर मी अण्णांच्या खुर्चीसमोर बसले आणि सगळं सांगितलं. कॅमेरा गेला, लेन्स गेली, अकरा सुंदर फोटो गेले. पहिल्या रोलमध्ये मिरवणं आहे, मासा देणं नाही.

“निघालात किती वाजता?” अण्णांनी विचारलं.

“अकरा पाच.”

“मूर्ख आहात. प्रज्ञेशला पोहता येतं का?”

“नाही.”

“मग कॅमेरा गेला ते ठीक झालं.”

“अण्णा,” मी म्हणाले, “मी मोजलं. सात झाले. तुमचे सात बरोबर होते.”

ते माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत राहिले. डोळे भरले होते, पण ते आजाराने की कशाने, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

आठवड्याने लॅबमधून पहिल्या रोलच्या स्लाइड आल्या. काउंटरवरच्या माणसाने डबी सरकवली आणि एक सुटी स्लाइड वर ठेवली.

“सदतिसावा अर्धाच आलाय. फेकणारच होतो. पण म्हटलं तुम्ही पेठेतल्या, मोजून घ्याल.”

मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. उजवी अर्धी चौकट कोरी पांढरी. डाव्या अर्ध्या भागात मादीचं डोकं, तिरकी मान, उघडी चोच. चोचीत मासा. आणि माशाच्या दुसऱ्या टोकाला, कोऱ्या भागाला चिकटून, नराची पिवळी चोच आणि फुललेला तुरा. बाकीचा नर नाहीच!

दहा वाजून दहा मिनिटं. साडेदहाच्या आत. तो तास, ते पाणी, प्रज्ञेशचं पाण्याखाली गेलेलं डोकं, कशाचीच गरज नव्हती. मी दुकानाच्या पायरीवर खाली बसले. माणसं वळसा घालून जात होती.

सगळी हकीकत कळवून रविवारी प्रोजेक्टर मागवला. तो मंडळाचाच होता, आणि तो घेऊन स्वतः तात्याराव आले, पंचाहत्तर वर्षांचे, काठी टेकत. प्रज्ञेश आला होता, दशरथ भाऊ आले होते. मी खिडक्या लावल्या. भिंतीवर चौकोन उजळला. अर्धा पांढरा, अर्धा सुरय.

अण्णांनी तोंड फिरवलं आणि दाराकडे बघायला लागले.

“दिसत नाही वाटतं त्यांना,” तात्याराव माझ्या कानात कुजबुजले.

“तात्याराव, भिंतीकडे बघा, माझ्याकडे काय बघताय?” अण्णा दाराकडेच बघत म्हणाले. “समोर बघितलं की मला काही दिसत नाही. कडेनं दिसतं. मादी डावीकडे आहे. मान तिरकी. मासा दोघांच्या चोचीत. उल्का, हा कितवा आकडा?”

“पाचवा, अण्णा.”

“पाचवा. अजून दोन आहेत. अर्धा नर गेला तेवढं बरं, तो तसाही मिरवण्यापलीकडे काही करत नाही.”

तात्यारावांनी पिशवीतून जुनं रजिस्टर काढलं. त्यांनी ते बरोबर आणलं होतं! कातडी पाठ फाटलेली, पानं पिवळी. प्रोजेक्टरच्या उजेडात पान शोधून त्यांनी १९६९ची ओळ काढली, ‘पुराव्याअभावी’ हा शब्द आणि ‘अग्राह्य’मधला ‘अ’ नीट, सावकाश खोडला आणि समासात सही केली.

“नव्या नोंदीला वेळ काय घालू?” त्यांनी विचारलं.

“दहा दहा,” मी म्हणाले.

अण्णा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. “दहा दहा? म्हणजे वेळेत होतीस की. मग पुढचा तास कशाला थांबलात?”

“मिळालंय असं वाटलं नाही, अण्णा.”

त्यांनी मान हलवली आणि परत तोंड दाराकडे केलं. प्रज्ञेश हळूच उठला आणि दिव्याच्या बटणाकडे गेला.

“दिवा नको रे लावू इतक्यात,” अण्णा म्हणाले.

आम्ही सगळे अंधारात बसून राहिलो. तात्यारावांची लेखणी थांबली, प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला, आणि अण्णा दाराकडे बघत होते.